देवाच्या डब्यातली मूठ

आईला भात करता येत नाही, असं मी चाळिशी उलटेपर्यंत मानत होते. बाकी स्वयंपाकात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती नगरकडची; तिच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याचं नाव चर्चमधली माणसं अजून काढतात. पण माझ्या लहानपणीचा भात आठवला की ताटातली ती शितं आठवतात. काही पार गिचका झालेली, काही दाताखाली कचकन लागणारी, काही लालसर, काही जाडी, काही बारीक. वडील म्हणायचे, आपल्याकडे एका पातेल्यात तीन प्रकारचा भात मिळतो, हॉटेलात जायची गरजच नाही. मी खूप हसायचे. आई हसायची नाही. वडील आजारी होते तेव्हाची ही गोष्ट, आणि त्या दिवसांतलं तेवढं हसणंच माझ्या लक्षात राहिलंय.

त्या भाताकडे मी परत येईन. आधी डब्याचं सांगते.

आमच्या मुलुंडच्या घरी ओट्यावर तांदळाच्या मोठ्या डब्याशेजारी एक लहानसा पितळी डबा असायचा. त्याला देवाचा डबा म्हणायचे. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत ही चाल गावाकडून आली. भाताला तांदूळ मोजून घ्यायचे आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढून त्या डब्यात टाकायची. मोठ्या डब्यातून वेगळी मूठ घ्यायची नाही, शिजवायला घेतलेल्यातूनच काढायची. म्हणजे त्या जेवणाला घरातल्या कुणाला तरी चार घास कमी. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की जेवून उरलेलं दिलं तर नाही का चालणार. उरलंसुरलं मांजराला घालतात, देवाला नाही, असं म्हणून आईनं विषय संपवला होता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी महिला मंडळातली एक बाई पिशवी घेऊन घरोघर जायची. कित्येक वर्षं ती बाई म्हणजे आमची आई. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, ‘मूठ न्यायला आलेय.’ मग पिशवीचं तोंड उघडून धरायचं आणि तांदूळ पडत असताना आपलं तोंड फिरवायचं. दाराच्या चौकटीकडे बघायचं. किती पडले, कसले पडले, ते बघायचं नाही. सगळ्या घरांचे तांदूळ चर्चमागच्या खोलीतल्या एकाच पिंपात जायचे. कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा, कुणाच्या कोकणातल्या शेजारणीनं दिलेला लाल उकडा, सगळं एकत्र. ज्या घरात अडचण असेल तिथं त्या पिंपातली एक पिशवी जायची. आईनं जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या होत्या. कोणाकडे जातात ते फक्त दोघींना ठाऊक असायचं, आईला आणि पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या पाद्रींच्या बायकोला. आणि ज्यांच्याकडे ही पिशवी जायची त्यांच्याही ओट्यावर देवाचा डबा असायचा, त्यांच्याही दारात आई उभी राहून मूठ मागायची. ही शेवटची गोष्ट मात्र मला कधी कुणी सांगितली नव्हती.

आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तीन जिने उतरणं बंद झालं. वडील तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नव्हतं, अंधेरीला एका निर्यात कंपनीत मालाची कागदपत्रं तयार करायचे. आईनं मुठीची पिशवी माझ्या हातात दिली ती काही खुशीनं नाही. दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. पिंपातले तांदूळ जायचे त्या तीन घरांची नावं तिनं मला कानात सांगितली, घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नसताना कानात. म्हणाली, ‘हे तुझ्या पोटात राहू दे. झोपेतसुद्धा तोंडातून निघता कामा नये.’ मी म्हटलं, आई, मी काय लहान आहे का.

माझा स्वभाव आधीपासून असा की कुठलंही काम हातात आलं की त्यातलं जुनं काय काढून टाकता येईल ते मला आधी दिसतं. ऑफिसात त्याचं कौतुक व्हायचं. एक शनिवार घरोघर हिंडले आणि माझा जीव नकोसा झाला. प्रत्येक गेटवर वहीत नाव लिहा, कुठे लिफ्ट बंद, कुठे माणसं बाहेर. पुढच्या महिन्यापासून मी जाहीर करून टाकलं की रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांनी आपापले डबे चर्चच्या व्हरांड्यात आणावेत, मी तिथंच पिशवी घेऊन उभी राहीन. एका तासात काम खलास. नोकरी करणाऱ्या बायकांना बरंच वाटलं. मला माझं कौतुक वाटलं. आईला मी हे सांगितलं नाही, कशाला तिच्या डोक्याला ताप.

त्या तीन नावांतलं एक नाव मावशीचं होतं. रक्ताची नव्हे, चर्चमधली सगळ्यांचीच मावशी. जालन्याकडची. नवरा टेम्पो चालवायचा, तो गेल्यावर ती मुलुंड पश्चिमेला चार घरी पोळ्या करायची आणि भांडुपच्या टेकडीवर एका खोलीत राहायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. बायकांच्या बाजूला खिडकीपाशी तिसऱ्या बाकावर तिची जागा ठरलेली. आवाज असा की गीत सुरू झालं की पेटीवाल्याला तिच्या मागून जावं लागायचं. ती एखादं कडवं आपल्या मनानं लांबवायची, आणि मग सगळी मंडळी मुकाट्यानं लांबवायची.

त्या रविवारी ती रांगेत होती. हातात दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावलेला. तिनं झाकण काढलं, आणि मी तोंड फिरवायच्या ऐवजी डब्यात बघितलं. लाल, जाडे, बारीक, सगळे तांदूळ एकत्र. पिंपातलेच. म्हणजे आम्हीच दिलेल्या पिशवीतून मुठी काढून ही बाई परत आम्हालाच देत होती. मला ते अगदी खुळ्यासारखं वाटलं. जिला पुरत नाही तिच्याकडून काढून घ्यायचं, पिंपात टाकायचं आणि परत तिलाच द्यायचं. शिवाय ती किती वाळली होती ते दिसत होतं. माया आली म्हणा. मी पिशवीच्या तोंडावर माझा तळवा ठेवला.

‘मावशी, तुमचं राहू दे,’ मी म्हटलं. ‘तुम्हालाच पुरत नाही, तुम्ही कशाला देता?’

मी हळू बोलले असं मला वाटलं होतं. तिच्या मागे पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या.

मावशी ‘बरं’ म्हणाली. झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला, पिशवीवरून पदर घेतला आणि पायऱ्या उतरून गेली. मागची बाई पुढे आली, तिनं माझ्याकडे न बघता तांदूळ ओतले. त्यानंतरचीही तशीच. मला काही कळलं नाही. उलट घरी येताना मनात समाधान होतं की चला, एका गरीब बाईचा भार आपण कमी केला.

पुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. गीत सुरू झालं की सगळी मंडळी त्या लांबणाऱ्या कडव्यापाशी क्षणभर थांबायची आणि मग पेटी पुढे जायची. तेव्हा मला पहिल्यांदा व्हरांड्यातलं माझं बोलणं आठवलं.

महिना झाला तशी तिच्या वाट्याची तांदळाची पिशवी घेऊन मी भांडुपला गेले. रिक्षा टेकडीच्या पायथ्यापर्यंतच जाते, तिथून पायऱ्या. मावशीनं दार उघडलं, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी माझं चुकलं, चारचौघांत बोलायला नको होतं, माफ करा. ती म्हणाली, यात काय माफ करायचंय, तू काळजीनंच बोललीस. मग मी पिशवी पुढे केली. तिनं हात मागे घेतले.

‘ज्याच्याकडे नाही त्याला दे,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडे आहे.’

तिच्याकडे नव्हतं हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तरी ती हसून बोलत होती. चर्चला का येत नाही विचारलं तर रविवारचं एक जास्तीचं घर धरलंय म्हणाली. मी पिशवी परत घेऊन पायऱ्या उतरले. पाळकीणबाईंना सांगितलं की मावशी सध्या नको म्हणते, तिचं बरं चाललंय, दुसऱ्या कुणाला द्या. खोटं नव्हतं, ती तसंच म्हणाली होती. पण माणूस खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा असे खरे शब्दच शोधून काढतो.

घरी मात्र मी सरळ खोटंच बोलले. दर महिन्याला आई विचारायची, सगळ्यांच्या मुठी आल्या का. तिन्ही घरांची नावं घेऊन विचारायची. मी हो म्हणायचे. मावशी गायली का, हेही विचारायची. मी म्हणायचे, गायली. एकदा आईनं विचारलं, कोणतं गायली. मी एक गीत सांगितलं. आई पलंगावर पडल्या पडल्या ते गुणगुणायला लागली आणि मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेले.

पाच महिने असे गेले. मग एका दुपारी पाळकीणबाई आईसाठी प्रार्थना करायला आल्या. प्रार्थना झाली, चहा झाला आणि निघता निघता त्या सहज म्हणाल्या की मावशी इतके दिवस चर्चला नाही, बरी आहे ना. मी कपबशा घेऊन आत गेले. दार बंद झाल्याचा आवाज आला. आईनं हाक मारली नाही. शेवटी मीच जाऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. व्हरांडा, पत्र्याचा डबा, पिशवीवर ठेवलेला तळवा. तळव्याचं सांगताना आईनं डोळे मिटून घेतले.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावलीच, पण आरडाओरडा नाही. हळू आवाजात म्हणाली की तिच्या हातातलं काढून घेतलंस तू. नवरा गेला, घर गेलं, पोरगी लांब गेली, पण महिन्यातून एकदा तरी ती देणारी होती, इतर बायकांसारखीच देणारी. तेवढं तिच्याजवळ होतं आणि तू त्यावर हात ठेवलास. मी म्हटलं, पण आई, ते आपलेच तांदूळ होते. आपलेच म्हणजे कुणाचे, आईनं विचारलं.

मग तिनं मला ते सांगितलं, जे तिनं मरेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलेलं असावं.

‘तू चौथीत होतीस,’ ती म्हणाली. ‘तुझ्या पप्पांचा छापखाना बंद पडला आणि वर छातीचं दुखणं लागलं. माझा बालवाडीचा पगार तो केवढा. सव्वा वर्ष आपण पिंपातलेच तांदूळ खाल्लेत, बाई.’

मी पलंगाच्या कडेला बसले.

‘ते एकसारखे शिजायचे नाहीत. बारीक होईपर्यंत जाडे कच्चे, जाडे होईपर्यंत बारकांचा गिचका. तुम्ही दोघं हसायचात. पप्पांना माहीत होतं. तुला कळू नये म्हणून ते आधी हसायचे.’

आणि त्या सव्वा वर्षातला एक दिवसही, आई म्हणाली, देवाच्या डब्यात मूठ टाकल्याशिवाय भात चढवला नाही. त्याच तांदळातली मूठ. ती टाकायचे म्हणून चर्चला मान वर करून जाता आलं. नाहीतर माझ्यानं त्या पायऱ्या चढवल्या नसत्या.

मला खूप रडू आलं, खरं सांगते. आईसाठी की पप्पांसाठी की माझ्या त्या शहाणपणासाठी, कुणास ठाऊक. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता येण्यासारखं नव्हतं ते. मी म्हटलं, मी आत्ता जाते, तिच्या पाया पडते, माफी मागते. आईनं मान हलवली. ‘माफी मागून झाली ना एकदा? परत मागायला गेलीस तर परत तिलाच मोठं मन करावं लागेल. किती करायचं तिनं? पिशवी घेऊन जा. रिकामी. दारात उभी राहा आणि सगळ्यांच्या दारात म्हणतात तेवढंच म्हण.’

शनिवार उजाडेपर्यंत चार दिवस होते. ते मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. तिनं दार उघडलं नाही तर, किंवा उघडून, तूच म्हणालीस ना नको म्हणून, असं म्हटलं तर. म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

दुपारी पोळ्यांची घरं आटोपून ती परत येते ती वेळ धरून मी पायऱ्या चढले. दार उघडंच होतं. ती उंबऱ्यापाशी बसून पाय चोळत होती. मला बघून उठली. मी तिला आईची चौकशी करू दिली नाही, काहीच बोलू दिलं नाही, नाहीतर माझा धीर सुटला असता. पिशवीचं तोंड उघडून धरलं.

‘मूठ न्यायला आलेय,’ मी म्हटलं.

मावशीनं पदर खोचला. मग आत गेली. खोली केवढीशी, दारातून सगळी दिसायची. फळीवर तांदळाची बरणी होती, ती धुऊन पालथी घातलेली. बाजूला ब्रेडचं अर्धं पाकीट. तिनं पलंगाखालून तो पत्र्याचा डबा काढला. मग एक झाकणाचं पातेलं काढलं. मग एक प्लास्टिकचा डबा, मग एका जुन्या ओढणीत बांधलेलं गाठोडं. सगळं एकेक करून दारात आणून ठेवलं. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, किडे होऊ नयेत म्हणून.

‘तू आलीच नाहीस न्यायला,’ ती म्हणाली. ‘मग कुठं ठेवायचं? जिथं जागा मिळाली तिथं ठेवलं.’

मी विचारलं, आणि बरणी? माझ्या तोंडून निघूनच गेलं. ती म्हणाली, संपले होते गेल्या आठवड्यात, आणेन आता. मी म्हटलं, मावशी, घरात एवढे तांदूळ असताना. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान पोरीकडे बघतात. ‘ते देवाच्या डब्यातले आहेत. त्याला कोण हात लावतं?’

तिनं ओतायला सुरुवात केली आणि मी तोंड फिरवलं. तिच्या दाराच्या चौकटीवर निळा रंग होता, खिळ्याला एक लाकडी क्रूस होता, आणि मी त्या क्रूसाकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे बघायची माझी लायकीच नव्हती. तांदूळ पडत राहिले. पाच महिन्यांच्या मुठी पडायला खूप वेळ लागतो. पिशवी जड होत गेली, हात भरून आले. मी पिशवी सोडली नाही.

‘आता थांब, फाटेल ती,’ मावशीच म्हणाली. तिनं एक आपली पिशवी आणली, दोन भाग केले, आणि माझ्याबरोबर एक पिशवी उचलून पायऱ्या उतरत रिक्षापर्यंत आली. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली की आईला सांग, चाळून घ्या, खालच्या थरात एखादा किडा असेल.

आईनं पलंगावर बसून, सूप मांडीवर घेऊन ते सगळे तांदूळ स्वतः निवडले. मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते पिंपात गेले. पुढच्या आठवड्यात पाळकीणबाई भांडुपला पिशवी देऊन आल्या, मावशीनं ती घेतली, आणि रविवारी ती तिसऱ्या बाकावर होती. तिनं दुसरं कडवं लांबवलं. पेटीवाला तिच्या मागून गेला.

व्हरांड्यातली रांग मी बंद केली. आई म्हणाली, आता मूठ गोळा करायला मावशीच जाईल आणि तू तिच्याबरोबर ओझं उचलायला जाशील. तशा आम्ही कित्येक शनिवार हिंडलो, मुलुंड, भांडुप, एकदोन घरं घाटकोपरला. ती दारात बोलायची, मी पिशवी धरायचे. तोंड दोघी फिरवायचो. व्हरांड्यातल्या त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली, तेही थट्टेत. एका बाईनं फारच भसाभसा डबा ओतला तेव्हा जिना उतरताना म्हणाली, ठेवायचा होतास ना हात. मला हसू आलं नाही. तिलाच आलं.

पुढे आई गेली. झोपेत गेली, फार त्रास झाला नाही. आमच्यात मरणाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी आणि चर्चमधली माणसं जेवण आणतात. सगळ्यात आधी मावशी आली होती, एवढं मला आठवतं.

आता गेल्या वर्षीचं. अंधेरीचं आमचं ऑफिस बंद झालं. मालकांनी सगळा कारभार दुसऱ्या शहरात नेला. चौपन्नाव्या वर्षी नोकरी शोधणाऱ्या बाईला लोक चहा देतात, नोकरी देत नाहीत. मी कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी ऑफिसच्या वेळेला पर्स घेऊन घराबाहेर पडायचे, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून, आणि वाचनालयात जाऊन बसायचे. तोवर माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून मुठीसाठी हिंडणं मी सोडलं होतं. मावशीबरोबर मंडळीतल्या तरुण सुना जायच्या. शनिवारी मावशी माझ्या दारात यायची, सत्तरीला टेकलेली, तीन जिने थांबत थांबत चढून. मी कोलम आणायचं सोडून रेशनचा तांदूळ आणायला लागले होते. मूठ रोज टाकत होते. पण मुठीचंही एक आहे, ती आपोआप लहान होते. बोटं किती मिटायची ते पोट ठरवतं.

एका शनिवारी मावशीबरोबरची सून खालीच थांबली होती. मी डबा ओतला. मावशी नेहमीसारखी चौकटीकडे बघत होती. पिशवी बांधून जिना उतरली.

पुढच्या मंगळवारी परत आली. एकटी. खांद्यावर आईनं शिवलेली, निळ्या चादरीची पिशवी. मी दारातच उभी राहिले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, मावशी, घर चुकलात. मग म्हटलं, ज्याच्याकडे नाही त्याला द्या, माझ्याकडे आहे. बोलून झाल्यावर मला कळलं की हे शब्द कुणाचे होते. तिलाही कळलं.

‘मीपण हेच म्हटलेलं,’ ती म्हणाली. ‘पाच महिने कसेबसे काढले, शेवटी ब्रेडवर आले. तुला नाही झेपायचं ते.’ मला बाजूला करून ती आत गेली, ओट्यापाशी गेली, आणि पिशवी माझ्या मोठ्या डब्यात ओतली. लाल, जाडे, बारीक. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं, तुम्ही तर बघत नाही. ती म्हणाली, ‘तोंड फिरवलं तरी कान कुठं ठेवू? तुझे तांदूळ पडायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे की.’

मी ओट्याला टेकून उभी राहिले. चहा टाकू का विचारलं, तर नको म्हणाली. वाटलं, आता जाईल, आणि मग मी दार लावून रडून घेईन. पण ती गेली नाही. दारापर्यंत गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, निळी पिशवी घडी करून काखेत मारली आणि पदराआडून दुसरी पिशवी काढली. मुठीची. तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

‘मूठ न्यायला आलेय,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, शनिवारीच तर नेलीत. ती म्हणाली, शनिवारची शनिवारी, आजची आज.

मी आत गेले. तिनं आत्ता ओतलेल्या तांदळातच मी हात घातला, बोटं जितकी मिटतील तितकी मिटली, आणि दारात येऊन तिच्या पिशवीवर मूठ धरली. मावशीनं तोंड फिरवलं. ती माझ्या दाराच्या चौकटीकडे बघत होती, आणि ऐकत होती.